पेडलबोर्ड, लूप स्विचर आणि अँपचा इफेक्ट्स लूप: घरघर आली किंवा आवाज बसला तर काय तपासायचं

पेडलबोर्ड म्हणजे पायाने चालवायच्या इफेक्टांची फळी. लूप स्विचर त्यातली पेडलं एका स्विचने आत-बाहेर घेतो; त्याच्या प्रत्येक लूपला बाहेर जायचा 'सेंड' आणि परत यायचा 'रिटर्न' असे दोन जॅक. अँपच्या मागचा इफेक्ट्स लूपही तसाच, प्रीअँप (आवाजाला रंग देणारा पुढचा भाग) आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारा मागचा भाग) यांच्यामध्ये. आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्याकडे असेल तर पुढे वाचा. काहीच नसेल तर बोर्डाला हात लावू नका. नीट वाजणारा बोर्ड "जरा सुधारू" म्हणून उघडला की शनिवारच्या कार्यक्रमाआधी हमखास रडतो.

- गिटार सरळ अँपला लावली तर शांत. लूप स्विचर आणि अँपच्या मागचा इफेक्ट्स लूप जोडला की सलग घरघर.
- वाजवता वाजवता आवाज निम्म्यावर येतो, पातळ होतो आणि अँपला हात लागला की परत येतो.
- स्विचरच्या एखाद्याच पॅचवर (कुठले लूप चालू हे साठवलेला संच) आवाज बारीक आणि मेलेला.
- डिले (प्रतिध्वनीचं) पेडल लावलं की मागे डासासारखी शिट्टी.
- लूपमधला डिले किंवा रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) फाटका वाजतो, अगदी क्लीन चॅनेलवरसुद्धा.
- स्विच दाबला की स्पीकरमधून 'टप्प'.
- गिटार हातात असताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या. हे असेल तर बाकीचं सोडा, सगळं बंद करा आणि खाली 'इथे थांबा' लिहिलंय तिथे जा.

मी दिवसा नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनलची देखभाल करतो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. त्यामुळे शहरातल्या ओळखीच्या पोरांचे बोर्ड माझ्याच टेबलावर येतात. फोन साधारण एकाच चालीचा असतो: "दादा, हम (म्हणजे घरघर) येतोय. नॉइज गेट घेऊ का?" नको घेऊ. गेट फक्त तू थांबलास की आवाज झाकतं. वाजवायला लागलास की घरघर सुरांच्या पाठीमागे तशीच असते. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. आमच्या धंद्यात डाग म्हणजे सोल्डरसुद्धा, आणि असले निरोगी पखालीला दिलेले डाग मी पुष्कळ काढलेत.

आतापर्यंत मला दोष पेडलमध्ये फार क्वचित सापडला. तो असतो बोर्ड आणि अँप यांच्यामधल्या वायरींत, नाहीतर त्या जिथे खोचतात त्या जॅकमध्ये. म्हणून तपास तिथूनच.

आधी कागदावर काढा

ही जोडणी चार वायरींची. पहिली गिटारपासून स्विचरच्या इनपुटला. स्विचरच्या सुरुवातीच्या लूपांमध्ये वाह-वाह, ओव्हरड्राइव्ह वगैरे पेडलं. दुसरी वायर एका मधल्या लूपच्या सेंडमधून अँपच्या पुढच्या इनपुटला. तिसरी अँपच्या मागच्या सेंडमधून त्याच लूपच्या रिटर्नला. म्हणजे अँपचा प्रीअँपच एखाद्या पेडलसारखा स्विचरच्या एका लूपमध्ये बसला. त्यापुढच्या लूपांमध्ये डिले, रिव्हर्ब. चौथी वायर स्विचरच्या आउटपुटमधून अँपच्या मागच्या रिटर्नला.

हे पाठ असलं तरी कागदावर काढा आणि प्रत्येक पिनेवर पांढऱ्या टेपने १ ते ४ आकडे लावा. दोन 'सेंड' आणि दोन 'रिटर्न' असतात, एक जोडी स्विचरची आणि एक अँपची. अंधाऱ्या स्टेजवर त्यांची अदलाबदल होतेच. २ आणि ४ उलटल्या की प्रीअँपचा आवाज फिरून प्रीअँपच्याच इनपुटात येतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुटते. म्हणून पहिल्यांदा जोडताना अँपचा मास्टर शून्यावर ठेवा.

'एकाच पॅचवर आवाज मेलेला' हे कोडंही इथेच सुटतं. त्या पॅचमध्ये अँपचा लूप बंद राहिलेला असतो. मग गिटार प्रीअँपला वळसा घालून थेट पॉवर अँपमध्ये जाते आणि तिथे तिचा जीव पुरत नाही. बॉसच्या ईएस-८ सारख्या स्विचरमध्ये लूपांचा क्रमही पॅचगणिक बदलता येतो, त्यामुळे ही चूक आणखी लपते. सगळे पॅच एकदा चाळून अँपचा लूप प्रत्येकात चालू आहे ना, एवढं बघा. खर्च शून्य.

कानाने तपासा

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर गेली किंवा बरीच कमी झाली तर ती पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकी गुंडाळीतून येतेय. पिकअप सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) असेल तर उभ्या उभ्या स्वतःभोवती हळूहळू फिरा. एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते. मग त्या दिशेला तोंड करून वाजवा, नाहीतर डिमरवाले दिवे बंद करायला सांगा. बोर्डाचा यात दोष नाही.

व्हॉल्यूम शून्यावर असूनही घरघर तशीच असेल तर सहाव्या, सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीतला 'जी' स्वर वाजवा. त्याची वारंवारता ९८ हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. घरघर त्या जीच्या अगदी लगत, किंचित वर ऐकू आली तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागातून गळणारी: कुठला तरी अडॅप्टर, नाहीतर अँपमधले फिल्टर कपॅसिटर. त्याच्या एक सप्तक खाली जाणवली तर ५० हर्ट्झची, आणि मग संशय अर्थच्या फेऱ्यावर (तो पुढे सांगतो) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळिकीवर. छोट्या स्पीकरवर ५० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही आणि दोन्ही आवाज एकत्रही येतात, म्हणून हा निकाल धरू नका. पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

एक छोटी वायर

सगळ्यात कामाची तपासणी हीच. अँपच्या मागून बोर्डाच्या दोन्ही वायरी काढा. गिटार सरळ इनपुटला लावा. आता अँपच्या सेंडमधून अँपच्याच रिटर्नला एक छोटी पॅच वायर लावा.

लूप रिकामा असताना आवाज बसत होता आणि ही वायर लावताच मोकळा झाला, तर दोष अँपच्या रिटर्न जॅकमध्ये आहे. तिथे आत एक पत्र्याची पट्टी असते. काही खोचलेलं नसतं तेव्हा सेंडचा आवाज त्या पट्टीवरून पॉवर अँपकडे जातो. पिन खोचली की पट्टी उचलली जाते. अनेक अँपांमध्ये रचना अशीच असते. जून ते सप्टेंबर अँप एखाद्या दमट खोलीत चादरीखाली झाकून पडलेला असतो, पट्टीवर काळपट थर चढतो आणि नवरात्रात पहिल्याच दिवशी आवाज गायब होतो. अँप बंद करून, प्लग काढून, रिटर्नमध्ये पिन वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करा. तात्पुरतं काम होतं. नीट करायचं तर पिनेवर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तेच करा. क्लीनर इलेक्ट्रॉनिक्सचाच हवा. दाराच्या बिजागरीला मारायचा स्प्रे नको, त्याचं तेल आत राहतं आणि धूळ धरून ठेवतं.

गंगापूर रोडवरच्या एका सरावाच्या खोलीत एकाने याच दोषापायी पॉवर ट्यूब (अँपमधले काचेचे व्हॉल्व्ह) बदलून घेतल्या होत्या. आवाज आठ दिवस बरा राहिला, कारण दुरुस्तीला देता-घेताना जॅक हलला होता. मी पिन चार वेळा आतबाहेर केली आणि त्याचा चेहरा बघवेना. जुन्या ट्यूब त्याने दुकानातच सोडल्या होत्या.

छोटी वायर लावून अँप शांत आणि बोर्ड लावला की घरघर, तर अँप सुटला. बोर्डाकडे चला.

पॅच वायरी, एकेक

बोर्डावर दहा-बारा छोट्या वायरी असतात आणि त्यातली एक नेहमी कच्ची असते. सोल्डर न करता स्क्रूने आवळायच्या वायरी पहिल्यांदा तपासा. बोर्ड गाडीच्या डिकीत हादरून त्या सैल होतात. मल्टीमीटर कंटिन्युटीवर लावा. एका पिनेच्या टोकापासून दुसऱ्या पिनेच्या टोकापर्यंत बीप हवा, पिनेच्या बाहेरच्या बाहीपासून दुसरीच्या बाहीपर्यंत बीप हवा, टोक आणि बाही यांच्यात अजिबात नको. हे करताना वायर पिनेच्या मुळाशी वाकवत राहा. सरळ ठेवल्यावर बीप देणारी आणि वाकवली की गप्प होणारी वायरच तुम्हाला स्टेजवर फसवते. बाहीचा डाग अर्धवट सुटला की घरघर, टोकाचा सुटला की आवाज गायब.

मीटर नसेल तर अर्धं-अर्धं करा. स्विचरचे निम्मे लूप बाजूला काढून बघा, मग उरलेल्यातले निम्मे. आठ लूप असतील तर तिसऱ्या खेपेला गुन्हेगार हाती येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की आवाज गेला तरी कशाने गेला हे कळत नाही, आणि तो महिन्याभराने परत येतो.

पॉवर

डासासारखी शिट्टी असेल तर इथे थांबून बघा. एकाच अडॅप्टरवरून माळेसारखी वायर नेऊन सहा पेडल चालवली की सगळ्यांचा निगेटिव्ह एकच होतो. त्यात डिजिटल डिले किंवा खुद्द स्विचर असेल तर त्याच्या प्रोसेसरची कुरकुर त्याच वाटेने ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते, आणि ओव्हरड्राइव्हचं कामच मुळी लहान आवाज मोठा करणं. तपासायला सोपं आहे: डिजिटल पेडलला तात्पुरता वेगळा अडॅप्टर द्या. शिट्टी गेली तर आउटपुट एकमेकांपासून खरोखर वेगळे असलेला पॉवर सप्लाय घ्या. या सगळ्या प्रकरणात पैसे खर्चायचेच असतील तर ते इथे.

साधं ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलिअँपिअरवर भागवतं, डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला शंभर ते तीनशे लागतात. १०० मिलिअँपिअरच्या आउटपुटवर ३०० चं पेडल टाकलं तर ते चालू होतं, दिवा लागतो, पण कण्हतं किंवा मधेच रीसेट होतं. पेडलच्या पाठीवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. पोलॅरिटीही बघा: बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट, मधला निगेटिव्ह लागतो. मोडेमचे किंवा सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर साधारणपणे उलटे, मधला पॉझिटिव्ह असतात. पिन बरोबर बसते म्हणून लावू नका.

लेव्हलचं बटण

लूपमधलं सगळं फाटकं वाजत असेल तर अँपच्या मागे एक बटण शोधा, त्याच्याजवळ -१० आणि +४ असं काहीसं लिहिलेलं असतं. +४ डीबीयू म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट, -१० डीबीव्ही म्हणजे ०.३२ व्होल्टच्या आसपास. जवळजवळ चौपट फरक. +४ वर ठेवलेला लूप जमिनीवरच्या साध्या डिलेला बुडवतो. -१० करा, बास. बटणच नसेल आणि लूप मुळातच जोरकस असेल तर प्रीअँपचा आवाज थोडा उतरवून बघा. अँपला लूपचं मिक्स बटण असेल, म्हणजे लूप पॅरलल असेल, तर या चार वायरींच्या जोडणीसाठी ते पूर्ण उजवीकडे न्या. नाहीतर मूळ आवाज आणि बोर्डावरून फिरून आलेला आवाज एकमेकांत मिसळून पोकळ वाजतात.

अर्थचा फेरा

आता मूळ दुखणं. बोर्ड आणि अँप यांच्यामध्ये तीन वायरी आहेत: २, ३ आणि ४. प्रत्येकीला बाहेरून तांब्याची जाळी, आणि तिन्ही जाळ्या दोन्ही टोकांना एकमेकींना जोडलेल्या. म्हणजे तांब्याचा बंद फेरा झाला. त्या फेऱ्यातून ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र गेलं की त्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तो तुमच्या आवाजात मिसळतो. फेऱ्याचं पोट जेवढं मोठं तेवढी घरघर मोठी.

हे मला समजलं ते पुस्तकातून नाही. संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्सवर लग्न होतं. साउंड चेक करताना घरघर इतकी, की कीबोर्डवाला म्हणाला, "अहो, जनरेटर तुमच्या अँपमध्ये ठेवलाय का?" माझी चार नंबरची वायर अँपच्या डाव्या बाजूने गेली होती, बाकी दोन उजव्या बाजूने, आणि मधे स्टेजवर तक्क्याएवढं वर्तुळ पडलं होतं. मी बुटाच्या टोकाने चार नंबरची वायर नुसती उचलली आणि आवाजाचा रंग बदलला. दुसऱ्या बाजूला सरकवत नेली तसतशी घरघर उतरत गेली. मग तिन्ही वायरी हातात घेऊन वेणीसारख्या पिळल्या, वीतभर अंतरावर काळी टेप मारली आणि अँपच्या ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध बाजूने आत घेतल्या. उरली ती खोलीतल्या पंख्याएवढी. खर्च टेपचा.

तेव्हा आधी वेणी घाला. विजेची वायर या वेणीच्या शेजारून समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. अँप आणि बोर्ड दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, नाहीतर विजेच्या अर्थमधून आणखी एक, मंडपभर मोठा फेरा तयार होतो.

वेणीने भागलं नाही तर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. छोटी डबी असते, ती चार नंबरच्या वायरीवर, अँपच्या रिटर्नच्या आधी लावायची. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, जाळी तिथे तुटते, त्या वायरीतून जाणारा फेरा उघडतो. अगदी स्वस्त डबीत मात्र खालचे स्वर दबतात, म्हणून स्वतःच्या अँपवर वाजवून मगच घ्या. हाताने डाग देता येत असेल तर दुसरा मार्गही आहे: चार नंबरच्या वायरीची जाळी फक्त स्विचरच्या टोकाला कापायची. बाकी दोन जाळ्या अर्थ सांभाळतात. त्या वायरीवर लाल टेप गुंडाळा आणि तिला कधीही गिटारला लावू नका. लावलीत तर मगाचचा जनरेटर परत येईल.

'टप्प' आवाजाबद्दल थोडक्यात: पेडलच्या कपॅसिटरमधून थोडा डीसी गळतो आणि स्विच बदलताना तो एकदम सुटतो. स्विच दोन-तीनदा लागोपाठ दाबा. पहिल्यांदाच मोठा आला आणि मग विरला तर हेच कारण. एका पेडलपुरतं असेल तर त्यात १ मेगोहमचा रेझिस्टर टाकून घेता येतो, पण ते काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या. मी स्वतः तेवढ्या 'टप्प'कडे दुर्लक्ष करतो; ढोल वाजत असताना कुणाला ऐकू येतोय?

इथे थांबा

प्लगची अर्थची जाड पिन काढून घरघर जाते. हा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच, बहुतेक स्टेजवर, बहुतेक घाईत. करू नका. ती पिन असते तेव्हा अँपमध्ये फेज सुटून पत्र्याला लागला तर करंट जमिनीत जातो. ती नसली तर तो गिटारच्या तारांवर येऊन थांबतो आणि तुमचा ओठ माइकला लागेपर्यंत वाट बघतो. डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्ट बटण वेगळं. ते फक्त आवाजाच्या वायरीची जाळी सोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. ते बिनधास्त वापरा.

तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर बॅगेत ठेवा. सॉकेटमध्ये खोचला की अर्थ आहे की नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, ते दिव्यांवरून कळतं. जुन्या वाड्यातल्या घरांत आणि मंडपात तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अर्थ नसेल, तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील किंवा साध्या स्क्रूड्रायव्हर-टेस्टरचा दिवा अँपच्या पत्र्यावर पेटत असेल तर वाजवू नका. घरात असाल तर वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. लॉन्सवर असाल तर जनरेटरवाल्याला अर्थची सळई दाखवायला सांगा. तो "आहे हो, नेहमीचंच आहे" म्हणाला आणि सळई दाखवू शकला नाही, तर अँप बाजूला ठेवा आणि अकूस्टिक घ्या. मी दोनदा घेतलीय. वऱ्हाडी नाचलेच.

दुसरी लक्ष्मणरेषा ट्यूब अँपच्या मागच्या पत्र्याची. छोटी वायर लावूनही १०० हर्ट्झची घरघर अँपमधूनच येत असेल, किंवा जॅक साफ करूनही आवाज बसत असेल, तर पुढचं काम आत आहे. आत चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. मी रोज ४१५ व्होल्टच्या पॅनलवर काम करतो आणि तरीही ट्यूब अँप उघडत नाही, ते ज्याचं रोजचं काम आहे त्याच्याकडे नेतो. स्विचर वॉरंटीत असेल तर त्याचेही स्क्रू काढू नका.

कारागिराकडे जाताना अँप एकटा नेऊ नका. ती छोटी पॅच वायर आणि कागदावरचा नकाशा बरोबर न्या. आवाज लूप रिकामा असताना बसतो की भरलेला असताना, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर घरघर राहते की जाते, आणि ती जीच्या जवळची की सप्तकभर खालची, या तीन ओळी कागदाच्या मागे लिहून द्या.